कोबाल्ट आणि माझी सही

१५ जानेवारी २००८

आज संक्रांत, आणि आजच माझ्या कंपनीला मागणी आली. मुलीला येते तशी. कलकत्त्याचा कुठलासा मोठा समूह भूरत्न मिनरल्स ताब्यात घेणार आहे म्हणे, आणि त्यासाठी आमच्यासारख्या किरकोळ लोकांकडचे शेअर एकशे बेचाळीस रुपयांनी विकत घेणार आहे. सकाळीच पिरंगुटहून विश्रामचा फोन. हा विश्राम शेअरचा दलाल, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर त्याचं ऑफिस आहे.

"ताई, पेढे आना. चौसष्टनं घेतलेत तुमी!"

मी म्हटलं, "पेढे कशाचे? मी देणार नाहीये."

"आं?"

"पहिल्या भावाला कोण देतं?"

पिरंगुटात राहून माणसाला हे कळू नये म्हणजे कमाल आहे! आमच्या नांदे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की बिल्डर पहिला भाव सांगतो तो नुसता बोलणं सुरू करायला. ज्यांनी घाईघाईने सह्या केल्या, त्यांनी त्या पैशात घेतलेल्या जीपसुद्धा आता चालू होत नाहीत. ज्यांनी सह्या अडवून धरल्या, त्यांचे बंगले उभे राहिले.

मला तर हे कुणी शिकवायलाच नको. दोन वर्षांपूर्वी दादाने रस्त्याकडचं रान विकायला काढलं. अशा वेळी बहिणीने तालुक्याला, पौडला जाऊन हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाने दिलेली साडी घ्यायची आणि गप्प बसायचं, अशी आमच्याकडची रीत. सगळ्या बहिणी करतात. मी नाही म्हटलं. नवरा गेल्यावर भोरची बिनपगारी म्हणावी अशी शाळेतली नोकरी सोडून मी माहेरी आले होते, माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. अकरा महिने नाही म्हणत राहिले. तेवढ्या काळात बिल्डरने तीनदा भाव वाढवला आणि शेवटी दादाला माझा वाटा मला द्यावा लागला. गावात वाटा घेणारी पहिली बहीण मी. त्या दिवसापासून माझा सख्खा भाऊ हैबतराव माझ्याशी बोलत नाही. भिंतीला भिंत लागून आहे, पण ओटे वेगळे.

तो वाटा म्हणजे हे शेअर. सगळाच्या सगळा त्यातच आहे. तो बुडाला तर गाव काय म्हणेल ते मला आजच ऐकू येतंय: बघा, बाईच्या हातात दिलं की असं होतं. आणि पुढे जी पोरगी सही करताना अडेल तिला माझं नाव सांगून गप्प बसवतील. म्हणून तो बुडता कामा नये. बस्स.

१६ जानेवारी

वहिनींचं हळदीकुंकू झालं. मला बोलावणं नव्हतंच, विधवेला नसतं, पण जुईलीबरोबर तिळगूळ पाठवला. जुईली माझी भाची, दादाची एकुलती एक, पिरंगुटला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिळगूळ माझ्या हातावर ठेवते न ठेवते तोच म्हणाली, "आत्या, एकशे बेचाळीसला देणार तू?"

"तुला कुणी सांगितलं?"

"पेपरात हाय की."

कॉमर्सला आहे, वाचत असेल. चांगलंच आहे. मी तिला म्हटलं, गोड बोल, पण भाव मात्र कडक सांग. ती हसली नाही. चेहरा गंभीर करून घरी गेली.

२२ जानेवारी

कालपासून बाजार कोसळतोय. माझा भाडेकरू अमोघ आज कंपनीत गेलाच नाही. मूळचा परभणीचा, हिंजवडीला आयटीत आहे, आणि शेअरचं वेड मला त्यानेच लावलं. दुपारी ओट्यावर येऊन बसला, तोंड उतरलेलं.

"काकू, माझा सगळा पोर्टफोलिओ धुऊन निघाला. एकटा भूरत्न टिकलाय, तोपण ऑफर आहे म्हणून. तुम्ही प्लीज यात टाकून मोकळ्या व्हा."

"अजून वाढवतील."

"कशाला वाढवतील? त्यांना फक्त वीस टक्के हवेत. ते कुठूनही मिळाले की झालं. जमिनीसारखं नाही हे. शेअरला मधला तुकडा नसतो, की तुमच्यावाचून रस्ताच अडला."

हुशार मुलगा आहे, पण नोकरदाराचा मुलगा आहे. त्याच्या बापाने आयुष्यात काही विकलेलं नाही. घेणाऱ्याला गरज नसते तर तो दारात आला असता का? मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

५ फेब्रुवारी

कलकत्त्याला पत्र पाठवलं. मराठीत. इंग्रजी मला येतं, पण मालकिणीने गिऱ्हाइकाच्या भाषेत का लिहावं? लिहिलं की, तुमचा भाव मला मान्य नाही. दोनशे पन्नास द्यायची तयारी असेल तर पुढचं बोलू. आणि मी घाईत नाही. खाली पूर्ण नाव घालून सही.

पिरंगुटच्या पोस्टात रजिस्टर करताना तिथल्या बाईंनी पत्ता दोनदा वाचला. "नातेवाईक हायेत का तिकडं?" म्हणाल्या. म्हटलं, अजून नाहीत.

२६ फेब्रुवारी

मी हे शेअर अंदाजपंचे घेतलेले नाहीत. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवता येईल. माझ्या ओट्यावरून हिंजवडीला जाणारी पोरं सकाळ-संध्याकाळ दिसतात. एकेकाच्या खिशात दोन दोन मोबाईल. मोबाईलला बॅटरी लागते, बॅटरीला कोबाल्ट लागतं. लॅपटॉपलाही लागतं. अमोघ म्हणतो, एक दिवस मोटारीसुद्धा बॅटरीवर पळतील, आणि मला ते खरं वाटतं. भूरत्नचा डोंगर ओरिसात आहे, त्यात निकेल आहे आणि निकेलबरोबर कोबाल्ट. जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. मग ते कुणी स्वस्तात का द्यावं?

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. आमच्या मागची टेकडी मुरुमासाठी अर्धी खाल्ली, तशीच तिकडचीही खात असतील. त्या डोंगराच्या पायथ्याला कुणाचं तरी गाव असणारच. त्यांच्या बायकांना कुणी विचारलं असेल का? आणि त्यांनी नाही म्हटलं असेल तर? विश्रामला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, आपन शेअरवाले. आपल्याला त्यातलं काय म्हाईत असायचं कारन न्हाई." हे उत्तर मला आवडलं नाही. पण शेअर माझ्याकडेच आहेत, हेही खरं.

१४ मार्च

कलकत्त्याहून जाड पुस्तक आलं, सगळं बारीक इंग्रजीत. माझ्या पत्राचा त्यात उल्लेख नाही. शेवटी एक फॉर्म: इथे सही करा, शेअर द्या. मुदत सात एप्रिल. फॉर्म मी पिठाच्या डब्याखाली ठेवला, डबा डुगडुगत होता तो बरा बसला.

चौकातल्या टपरीवर आज दादा दिसला. जन्मात कधी पेपर वाचला नाही या माणसाने, आणि आज शेअरच्या भावांचं पान उलगडून, बोट ठेवून वाचत होता. मला बघितल्यावर पान मिटलं. माझं किती बुडतंय ते मोजत असणार. मोज म्हणावं.

२६ मार्च

एकशे साठ! एकशे साठ!

वाढवला भाव! विश्रामने फोन केला तेव्हा मी नुसती "हं" म्हटलं, जणू मला ठाऊकच होतं. आणि होतंच. फोन ठेवल्यावर मात्र स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. पत्र पोचलं म्हणायचं.

अमोघ म्हणतो, पत्राबित्राचा काही संबंध नाही. मोठमोठे फंड शेअर देत नव्हते म्हणून त्यांनी वाढवला. असेल. फंडही शेवटी माणसंच चालवतात, आणि अडून बसल्याशिवाय मिळत नाही हे त्यांनाही कळतं म्हणायचं. त्यांनी अडवलं, मी अडवलं. एकाच बाजूला आहोत.

"काकू, आता तरी द्या. मी माझे दिले."

"तुझे तू दिलेस. बिल्डरने तीनदा वाढवला होता. हा तर पहिलाच."

त्याने कपाळाला हात लावला.

३ एप्रिल

विश्राम स्वतः आला, पिरंगुटहून, मोटरसायकलवर. याआधी कधी आला नव्हता. पाणीही न पिता म्हणाला, "ताई, हात जोडतो. तुमच्याकडं बगून आनखी मानसं थांबल्यात. तुमच्या घरचीच समजा. तुमी दिलं तर तीबी देत्याल."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांपूर्वी गावात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं, आज लोक माझ्याकडे बघून थांबतात. म्हटलं, थांबू देत. एकीने अडवण्यापेक्षा चौघांनी अडवलेलं बरं. विश्राम काहीतरी बोलणार होता, पण भिंतीपलीकडे कुणाची तरी चाहूल लागली आणि तो उठला.

७ एप्रिल

शेवटचा दिवस. मुद्दाम घरीच बसले. भाकरी केल्या, पापड वाळत घातले. दुपारी वहिनी भिंतीपाशी आल्या, कपडे काढायला आल्यासारखं करत. रजनीवहिनी आपणहून बोलल्या त्याला किती दिवस झाले कोण जाणे.

"वन्सं, दिलं का ओ तुमी?"

"काय?"

"त्येच. शेअर."

"नाही दिले. देणारही नाही."

"बरं," म्हणाल्या आणि वाळलेले, न वाळलेले, सगळेच कपडे उचलून आत गेल्या. आतून लगेच दादाचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. आता चौकात बातमी पोचेल. पोचू दे. मी पाच वाजेपर्यंत घड्याळाकडे बघत बसले आणि पाच वाजले तेव्हा छाती भरून आली. दुसऱ्यांदा मी सही केली नाही.

९ एप्रिल

कुणाचा फोन नाही. येईल. घेणाऱ्यालाही दोन दिवस मिजास असते.

१९ एप्रिल

फोन नाही. भाव एकशे अठरा.

कलकत्तेवाल्यांना त्यांचे वीस टक्के मिळाले. हवे होते त्याहून जास्त लोकांनी देऊ केले म्हणे. कंपनी त्यांची झाली. पेपरात चार ओळी आल्या आहेत. मी त्या परत परत वाचल्या. माझ्यावाचून काही अडलं नाही, एवढंच त्यात आहे.

मग त्यांनी एकशे साठ का केले? कुणाला तरी घाबरूनच ना?

२४ ऑक्टोबर

मध्यंतरी लिहिण्यासारखं काही नव्हतं. भाव खाली येत गेला आणि मी पापड करत गेले. पापड तरी विकले जातात. आज सगळा बाजार गडगडला. भूरत्न सत्तावीस. निकेलला जगात कुणी विचारत नाही, अमेरिकेत बँका बुडतायत. अमोघच्या कंपनीत रोज कुणाला तरी घरी पाठवतात. तो कुठल्याशा काम नसलेल्यांच्या यादीत गेलाय आणि दिवसभर खोलीत असतो. भाडं थोडं थांबलं तरी चालेल असं त्याला सांगून टाकलं.

विकून टाकू का, असा विचार मनात आला. आला तसा हाकलला. एकशे साठला दिले नाहीत ते सत्तावीसला द्यायला मी काय वेडी आहे? मोबाईल वापरायचे काही लोकांनी बंद केले नाहीत.

३० ऑक्टोबर

भाऊबीज. दादा याही वर्षी आला नाही. संध्याकाळी दूध घेऊन परत येताना बोळात समोरासमोर आलो. मी बाजूला झाले. तोही बाजूला झाला. आणि मग दोन वर्षांनी माझा भाऊ माझ्याशी बोलला. काय बोलला?

"किती झाला?"

भाऊबीजेच्या दिवशी! अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "आज सुट्टी आहे बाजाराला. उद्या विचार, उद्या आणखी मजा येईल." तो उभा राहिला होता तसाच राहिला. वळून बघितलं तेव्हाही तिथेच होता.

८ मार्च २००९

एकोणीस.

आज गिरणीत ऐकलं, गावातल्या भिकूच्या बहिणीने परवा पौडला जाऊन सही केली. आधी अडत होती म्हणे. मग भिकूने तिला सांगितलं, "कल्पीचं काय झालं ते बगितलंस ना? वाटा घेतला आनि डोंगरात गाडला." तिने लगेच सही केली. गिरणीतल्या बायका मला बघून गप्प झाल्या, म्हणजे आणखीही काही बोलत असणार.

घरी येऊन रडले. लिहायला लाज वाटत नाही. पैशासाठी रडले नाही. ज्या गोष्टीची भीती होती तीच झाली, आणि माझ्याच हाताने झाली. त्या पोरीला मी ओळखतसुद्धा नाही. तिचं रान गेलं आणि कारण म्हणून माझं नाव लागलं.

पण एक विचारते. भिकूने स्वतः दोन वर्षांपूर्वी वडगावकडची जमीन विकून गाडी घेतली आणि ती ताम्हिणीच्या घाटात ठोकली. तेव्हा कुणी म्हटलं का, पुरुषाच्या हातात पैसा दिला की असं होतं?

१४ जून

अमोघ गेला. नवीन नोकरी लागली, आता ऑफिसजवळ राहणार. निघताना पाया पडला आणि म्हणाला, "काकू, सॉरी. माझ्यामुळे तुम्ही यात पडलात."

मी म्हटलं, "तुझ्यामुळे नाही हां. माझ्या अकलेने पडले. ते श्रेय तुला देणार नाही."

१२ नोव्हेंबर

विश्रामचा फोन. आवाजात जुना जोर. कलकत्तेवाल्यांना आता कंपनी बाजारातूनच काढून घ्यायची आहे, म्हणजे यापुढे भूरत्नचे शेअर बाजारात विकता येणार नाहीत, सगळं त्यांच्या घरात. किरकोळ लोकांना अठ्ठावन्नच्या आसपास देणार म्हणतात. सध्याचा भाव एक्केचाळीस. पण त्यासाठी आधी आम्हा किरकोळ लोकांचं टपाली मत घ्यावं लागतं. नवीन नियमच आहे. आमच्यातल्या एकाने 'नाही' म्हटलं तर त्याच्यासमोर दुप्पट 'होय' लागतात.

"म्हणजे माझ्यावाचून अडणार?"

"व्हय ताई. ह्या टायमाला अडनार."

मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा व्हय म्हणाला. फोन ठेवून मी ओट्यावर जाऊन बसले. समोर आमच्या रानात उभी राहिलेली इमारत, तिच्या सातव्या मजल्यावर कुणीतरी चादरी झटकत होतं. दोन वर्षांनी मला कुणीतरी खरंच विचारत होतं. अठ्ठावन्न? नाही. नाही आणि नाही. कोबाल्ट परत वर येतंय. बॅटरीच्या मोटारींचं पेपरात येतंय. तेव्हा डोंगर यांना एकट्यांना हवा, म्हणून घाई.

२२ नोव्हेंबर

आजचं सगळं नीट लिहिते.

सकाळी दहाच्या सुमाराला दादा माझ्या ओट्यावर आला. चपला काढल्या आणि उभा राहिला. केस पांढरे झालेत त्याचे, भिंतीपलीकडून दिसत नाही.

मी म्हटलं, "बस म्हणायला हवं का?"

बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कल्पे, तुझ्याकडं काम हाय. जुईलीच्या नावावर हायेत. त्येच."

"काय तेच?"

"तुजेच. भूरत्नचे. तू घेतलंस, त्याच्या म्हैन्यानं घेतलं. विश्रामला सांगितलं हुतं, तुला सांगू नको."

चौकातला पेपर, वहिनींचे कपडे, बोळातलं ते "किती झाला", एकेक डोळ्यांसमोरून गेलं. दोन वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. शेवटी विचारलं, "जुईलीच्या नावावर का?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तू अकरा म्हैने नाकात दम आनलास. उद्या हीबी आनंल. त्यापरीस आदीच तिचं तिला दिल्यालं बरं. तिला पौडला न्यायचीच न्हाई मला. सही मागायला."

हे माझा दादा म्हणतोय. मला वाटलं उठून त्याला ओवाळावं, आणि वाटलं दोन थोबाडीत द्याव्यात. दुसरंच सोपं होतं. ओरडले, "मग एकशे साठ झाले तेव्हा का नाही दिलेस? विश्राम पाया पडत होता!"

"तू दिलंस का?"

मी उगाच पदर सारखा केला.

"तू न्हाई दिलंस, म्हून म्याबी न्हाई. सही कुटवर अडवायची त्ये तुला कळतं, यवढं मला ठावं हुतं. गावात दुसऱ्या कुनाला त्ये जमलं न्हाई." तो रागावलेला नव्हता, हेच ऐकवेना. मी एकटी बुडले असते तर बुडले असते. ही पोरगी माझ्या पाठोपाठ आली आणि मला माहीतही नाही.

"आता काय काम आहे?"

"ती सही करंना. मी म्हनतो, व्हय म्हन, अठ्ठावन तर अठ्ठावन. ती म्हनती आत्याशी बोलल्याबिगर न्हाई. तू सांग तिला."

"मी नाही म्हणणार आहे, दादा."

त्याने डोळे मिटले. "मला वाटलंच," म्हणाला.

जुईलीला हाक मारली. ती पाकीट घेऊन तयारच होती. दादाला मी ओट्यावर थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. सहीच्या वेळी डोक्यावर पुरुष उभा नको, एवढं मला कळतं.

खाली बसून तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी सही केली नाही ती जमिनीच्या हिशेबाने. तिथे माझी कुणी वाट बघत नव्हतं, हे मला उशिरा कळलं. तुझं नुकसान झालं ते त्याने झालं. या वेळी मात्र वाट बघतायत. आपण किरकोळ लोकांनी नाही म्हटलं तर हे खरंच अडतं. कोबाल्ट वाढणार आहे. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, पण वाढणार. मी नाही म्हणतेय."

तिने मान हलवत ऐकलं. मग विचारलं, "आत्या, ठराव पडला तर हे लोक आपल्याला परत अठ्ठावन देत्याल?"

"सांगता येत नाही."

"आनि पास झाला, आनि आपन शेअर दिलेच न्हाईत तर?"

"मग शेअर राहतात. गिऱ्हाईक राहत नाही."

"पाच वर्षं का धा वर्षं, नक्की कुठलं?"

"तेही सांगता येत नाही."

तिने पेन उघडलं आणि 'होय'च्या चौकोनात खूण केली. माझ्या डोळ्यांदेखत! खाली सही केली, अजिबात न थांबता.

"तू न्हाई म्हन आत्या, मी व्हय म्हनते. मला पुण्याला जाऊन सीए करायचंय. कोबाल्टची वाट बघत बसायला मला येळ न्हाई."

मी चिडले. इतकं समजावून सांगितलं, त्याचं हे! एवढी एक जागा सापडली होती जिथे आमच्या 'नाही'ला वजन होतं, आणि ही पोरगी, माझीच भाची, माझंच मत खोडून काढते. एका 'नाही'समोर एक 'होय' तिने माझ्याच घरात बसून ठेवला. मी माझा कागद ओढला, 'नाही'वर खूण केली, कागद फाटेल इतक्या जोरात.

बाहेरून दादा, "झालं का?"

"झाली सही," जुईली म्हणाली.

"काय केलंस? व्हय का न्हाई?"

"माजं मत हाय. तुमाला कशाला सांगू?"

दादाने दार ढकललं आणि माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, मी तरी सांगेन. सांगितलं असतं तर बिचारा खूश होऊन घरी गेला असता, कारण त्याला हवं होतं तेच झालं होतं. मी म्हटलं, "मला विचारू नकोस. तिचं आहे ते."

त्याने टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "आना इकडं पाकिटं, मी पिरंगुटला टाकून येतो."

"आमचं आमी टाकू," ती म्हणाली.

तिच्या स्कूटीवर मागे बसून निघाले. राग काही गेला नव्हता. लवळ्याच्या फाट्यापर्यंत धरून ठेवला, मग मोठ्याने म्हटलंच, "चुकलीस तू, जुईली. चुकलीस. दहा वर्षांनी कळेल."

"चुकू दे की आत्या," ती वाऱ्यातून ओरडली, "माजं हाय."

पिरंगुटला टपालपेटीत तिने तिचं पाकीट टाकलं, मी माझं.